उद्योगाचा तास

मु. पालीनजीक, ता. ३ जुलै १९३२

प्रिय धोंडूस महिपतचा नमस्कार.

ट्रेनिंग कॉलेज सोडताना महिन्याला एक पत्र टाकायचं ठरवलं होतं आपण. तुझं शेवटचं पत्र शिमग्यातलं. वेळणेश्वरचा समुद्र माणसाला आळशी करतो की काय?

आज कामासाठी लिहितो आहे. जिल्हा स्कूलबोर्डाकडून परिपत्रक आलं, ते तुमच्याही शाळेत आलं असेल. पाचवी, सहावी, सातवीच्या मुलांना निरनिराळ्या उद्योगधंद्यांची माहिती शाळेच्या अभ्यासातच द्यावी की देऊ नये, यावर शिक्षकांची मतं हवी आहेत. डिसेंबरात रत्नागिरीस तालुक्यातालुक्यांतल्या शिक्षकांची सभा भरणार आहे. मी तिथे उभा राहून 'द्यावी' असं सांगणार, आणि तू माझ्या बाजूला उभा राहायचंस.

कारण सांगतो. परवा बाबू भेटला. गेल्या साली सातवीच्या फायनलला चांगल्या मार्कांनी पास झालेला माझा विद्यार्थी. बांधावर पाय सोडून बसला होता.

"काय रे, पुढे काय?" मी विचारलं.

"मुंबैस जानार, गुर्जी."

"जाऊन काय करणार?"

"ता तिकडं गेल्यावर कळंल."

धोंडू, या पोराला मी सात वर्षं शिकवलं. गंगेचा उगम त्याला ठाऊक, शिवाजी महाराजांच्या गडांची नावं घडाघड म्हणतो. पण पोस्टात काय काम चालतं, दवाखान्यातला कंपाउंडर काय शिकून कंपाउंडर होतो, कौलांच्या भट्टीवरचा मिस्त्री कोण, यातलं त्याला काही माहीत नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. आपण मास्तर झालो, कारण आपण पाहिलेला लिहितावाचता माणूस मास्तरच होता. त्या दिवसापासून मला वर्गात चैन पडत नाही. शिकवताना मधेच थांबतो, मुलांच्या तोंडाकडे बघत राहतो.

सौ. गोदेचा तुला नमस्कार. लेक मैना बरी आहे. तुझं मत लवकर कळव.

तुझा,
महिपत

वेळणेश्वर, ता. १५ जुलै १९३२

महिपतराव,

माझं मत 'देऊ नये' असं आहे. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा तसंच लिहून दिलं.

रागावू नकोस, आधी ऐक. तू शेतकऱ्याच्या घरचा, मी समुद्रावर मासे मारणाऱ्या खारव्याचा. तुला कुणी वर्गात उभं करून नांगर दाखवला नाही. मी सहावीत असताना आमचे गुरुजी 'समुद्रावरचे धंदे' शिकवत होते. मला उभं केलं आणि म्हणाले, "हा बघा आपला होडीवरचा तांडेल. वल्हं मारायचं सोडून पेन्सिल मोडतो आहे." वर्ग हसला. गुरुजींच्या मनात वाईट नव्हतं, हे मला आज कळतं. पण ती गोष्ट बंदरावर गेली. बाप घरी येऊन म्हणाला, "गुर्जीच म्हनतात, मग शाळा कशाला? उद्या मचव्यावर चल."

तो सबंध हंगाम मी मचव्यावर होतो. माझ्या आईनं, राहीनं, भांडून भांडून मला परत शाळेत बसवलं. ती भांडली नसती तर तुला हे पत्र लिहायला मी नसतोच.

बोर्डाच्या मनात काहीही असो, गावाला 'उद्योग' म्हटलं की बापाचा उद्योग ऐकू येतो. कुंभाराच्या पोराला मडकी, चांभाराच्या पोराला वहाणा. सातवीपर्यंत तरी त्यांना त्यातून सुटू दे. शाळा ही एकच जागा आहे जिथे पोराला बापाचं काम विसरता येतं. तिथेही तेच आणणार?

तुझ्या बाजूला मी उभा राहणार नाही. पण तू बोलशील ते ऐकायला येईन.

धोंडू

मु. पालीनजीक, ता. २८ ऑगस्ट १९३२

प्रिय धोंडू,

तुझं पत्र वाचून दोन-तीन दिवस तुझ्याशी मनात भांडत होतो. मग भांडण सोडलं आणि तास सुरू केला. दर शनिवारी शेवटचा तास उद्योगाचा. तुझ्या पत्रातून मी एक नियम काढला आहे: कोणत्याही मुलाला त्याच्या बापाच्या धंद्याबद्दल विचारायचं नाही, आणि 'तू अमक्याचा, म्हणून तू अमुक होशील' असं म्हणायचं नाही. जो पाहुणा येईल त्याला सगळ्यांनी प्रश्न विचारायचे.

पहिल्या शनिवारी कोल्हापूरच्या रस्त्यावर मोटार चालवणारा गंगाराम आला. मुलांनी त्याला घामच फोडला. एकानं विचारलं, "घाटात ब्रेक नाय लागला तर?" गंगाराम म्हणाला, "तर पुढच्या शनवारी मी येनार नाय." हसून हसून पोरांची पुरेवाट. पण मग त्यानं इंजिनाचं चित्र फळ्यावर काढलं आणि जे पोर भूमितीला झोपतं तेच पुढे येऊन बसलं.

नंतर कंपाउंडर आला. परवा भागूबाई आल्या. आमच्या खालच्या वाडीतल्या या बाई मिरजेच्या मिशन इस्पितळात शिकून आता रत्नागिरीस नर्स आहेत. भावाकडे आल्या होत्या. पोरांना वाटलं होतं काहीतरी सुयांचं दाखवतील. त्यांनी थर्मामीटर काढलं, ताप कसा मोजतात ते शिकवलं, हात कसे धुवायचे ते शिकवलं. मुलं आळीपाळीनं काखेत काच धरून गंभीर तोंडानं बसली होती.

मैनाही हल्ली सातवीत बसते. जावई विषमज्वरात गेल्यावर ती परत आली, तेव्हा घरात कोपऱ्यात बसण्यापेक्षा बरं म्हणून मी तिला पुन्हा पाचवीत घातलं होतं. आता अठराची झाली. मुलांत एकटी, म्हणून मागे भिंतीशी बसते. तिचा वेळ जातो.

आता सांग, यात तुझा तांडेल कुठे आला?

महिपत

वेळणेश्वर, ता. ११ सप्टेंबर १९३२

प्रिय महिपत,

नियम चांगला आहे. मला सुचायला हवा होता. बोर्डाकडे दुसरं मत पाठवलं: 'द्यावी, पण मुलाच्या बापाचा धंदा विचारू नये.' मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, तुमचं एक काय ते ठरवा." म्हटलं, ठरलं.

मग मीही तास घेऊन पाहिला, आणि फजिती झाली. पाचवीतला केरू वरच्या वाडीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. 'कुणाला काय व्हावंसं वाटतं' असं विचारल्यावर तो ताडकन उठला आणि म्हणाला, "मी तांडेल व्हनार!" खारव्यांची पोरं पोट धरून हसली. एक म्हणालं, "ह्येला होडीत बसल्या बसल्या उलटी व्हते!" केरू म्हणाला, "व्हऊदे. उलटी करून झाली की परत बसन."

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप खंडू काठी घेऊन शाळेच्या ओटीवर. "मास्तर, तुमी खारवी, म्हनून माज्या पोरास खारवी करतास काय?"

महिपत, मी लहानपणी जे ऐकलं तेच उलटं होऊन माझ्या अंगावर आलं. मी त्याला म्हटलं, "खंडूदादा, मी त्याला सांगितलं नाही. मी फक्त विचारलं." तो म्हणाला, "इचारलासच कशाला?"

 दिवसभर किनाऱ्यावर फिरत होतो. पण तास बंद करणार नाही.

एक विचारू? तुझ्या पत्रात प्रत्येक पोराचा प्रश्न आहे. भागूबाई आल्या त्या दिवशी मैनेनं काय विचारलं?

धोंडू

मु. पालीनजीक, ता. २० ऑक्टोबर १९३२

रा. रा. धोंडोबा मास्तर यांस,

उत्तरास उशीर झाला. तुला विचारायचं होतं ना मैनेनं काय विचारलं? तिनं वर्गात काही विचारलं नाही. तास सुटल्यावर भागूबाईंच्या मागे मागे दीड कोसावरच्या खालच्या वाडीपर्यंत गेली आणि विचारलं, किती शिकलं म्हणजे मिरजेच्या इस्पितळात शिकायला घेतात? भागूबाई म्हणाल्या, सातवी पास हवी. हे मला तुझं पत्र आल्यावर कळलं. तू विचारलंस म्हणून मी तिला विचारलं, आणि तिनं जेवता जेवता सांगून टाकलं: "आबा, मला मिरजेस जायचंय. नर्सिंग शिकायचंय."

घास हातातच राहिला माझा.

तिच्यासाठी स्थळ आलं आहे. गोदेच्या माहेरच्या नात्यातला आनंदा, मुंबईस गिरणीत आहे, निर्व्यसनी. त्याची बायको गेली, दोन लहान मुलं आहेत. आमच्यात विधवेचा पाट लावतात, त्यात कमीपणा नाही. मार्गशीर्षात पाट लागेल. पोरीला घर मिळेल, पोरांना आई मिळेल. गोदेची फार इच्छा आहे.

नर्स म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे? परक्या पुरुषांची मलमूत्रं काढायची. लोक आत्ताच म्हणू लागलेत, मास्तरानं शाळेत नर्स आणली, आता घरात मिशन आणील. मी लोकांना काय सांगू? उद्योगाचा तास मुलांसाठी होता. मैनेसाठी मी तो घेतला नव्हता.

दिवाळीनंतर तास बंद ठेवतो आहे. सभेत काय बोलायचं ते बघू. तू तो प्रश्न विचारला नसतास तर बरं झालं असतं.

महिपत

वेळणेश्वर, ता. ३० ऑक्टोबर १९३२

प्रिय महिपत,

'रा. रा.' वाचून हसू आलं नाही.

मी विचारलं नसतं तरी ती सांगणारच होती. जी मुलगी दीड कोस बाईंच्या मागे चालत जाते ती आज ना उद्या बोलते.

तू लिहितोस, तास मुलांसाठी होता. मग तिला सातवीत बसवलंस कशाला? वेळ जावा म्हणून? तिच्या शेजारच्या पोरानं इंजिन पाहिलं तर तुला आनंद होतो, तिनं थर्मामीटर पाहिलं की तास बंद! मी 'बापाचा धंदा विचारू नका' म्हणून ओरडत होतो. तू तो नियम केलास, आणि पोरीला मात्र विचारतो आहेस: कुणाची बायको होणार, कुणाची आई होणार.

आनंदा भला असेल. वहिनींची इच्छाही खरी असेल. पण वहिनींच्या पदराआड तू उभा राहू नकोस. तुला काय वाटतं ते लिही.

मी सभेस येतो आहे. मग समोरासमोर भांडू.

धोंडू

मु. पालीनजीक, ता. ११ डिसेंबर १९३२

धोंडू,

तू आला नाहीस. दारापाशी कुणाची सावली पडली की मी मान वळवत होतो. समजलो, माझं तोंड पाहायचं नाही तुला. तरी जे झालं ते तुलाच सांगायला हवं.

सभेत बरीच मतं आली. राजापूरकडचे एक गुरुजी म्हणाले, "आहेत तेच विषय संपत नाहीत, त्यात हा नवा कुठे कोंबू?" दुसऱ्या एकानं विचारलं, "धंदे दाखवाल, पण ते धंदे आहेत कुठे? मुंबईत गिरण्या माणसं काढतायत." एक तरुण मास्तर म्हणाला, "निदान काय मिळणार नाही ते तरी पोरांना कळू दे." टाळ्या पडल्या, शिव्याही पडल्या. मी खाली मान घालून बसलो होतो. बोलायचंच नाही, ठरवून गेलो होतो.

तेवढ्यात भिकाजी मास्तर उठले. ते आमच्या भागातले जुने हेडमास्तर. म्हणाले, "या थेरांचं फळ ऐकायचं असेल तर महिपतरावांना विचारा. ऐकतो की यांच्या घरचीच मुलगी नर्स व्हायचं म्हणते! खरं का हो?"

सगळी सभा माझ्याकडे वळली. मी उठलो. 'छे, पोरीचं खूळ ते, तिचा पाट ठरला आहे' एवढंच बोलून बसणार होतो. वाक्य तयार होतं. देवाशपथ, तयार होतं. आणि तोंडातून आलं, "खरं आहे. परीक्षा झाली की ती मिरजेस जाणार आहे."

भिकाजी मास्तर म्हणाले, "आणि तुम्ही पाठवणार?"

"मीच पाठवणार."

 पुढे कोण काय बोललं मला आठवत नाही. ठराव 'अधिक विचारासाठी' म्हणून बाजूला ठेवला गेला, एवढं नंतर कळलं.

मोटार पालीस पोचेपर्यंत बातमी माझ्या पुढे घरी गेली होती. गोदा चुलीपाशी बसली होती. वर न बघता म्हणाली, "चार लोकांत सांगून आलात. घरात कवा सांगनार?"

मी म्हटलं, "मलाच तिथे कळलं."

"पोरीला तुमी इचारलात. सभेनं तुमाला इचारलान. माला कुनी इचारला?"

 ती म्हणाली, "मी तिचा घर मांडायला बघत व्हते. माज्या मागं तिला कोन हाय? इस्पितळ तिला म्हातारपनी सांभाळनार?"  मी तिच्याजवळ बसून राहिलो.

आनंदाकडे नकार कळवला. ती माणसं रागावली. चार दिवस गोदा माझ्याशी बोलली नाही. आज सकाळी जुनी लुगडी काढून गोधडी शिवायला बसली आहे. कुणासाठी, ते मी विचारलं नाही. मिरजेत थंडी फार पडते म्हणतात.

तू अजून रागावला असशील तरी दोन ओळी टाक.

महिपत

राजापूर, ता. ९ जानेवारी १९३३

प्रिय महिपत,

पत्ता बघून चमकला असशील. रागावलो नव्हतो रे. खंडूनं बोर्डाकडे तक्रार केली की खारवी मास्तर शेतकऱ्यांच्या मुलांना दर्यात ढकलतो. चौकशी होईपर्यंत रजा नाही म्हणाले, म्हणून सभा चुकली. मग इकडे बदली झाली. निघायच्या दिवशी केरू ओटीवर येऊन उभा राहिला.  माझी वळकटी हट्टानं त्यानंच बंदरापर्यंत वाहिली.

इथे समुद्र नाही. सवय होईपर्यंत रात्री कान उघडे राहतात.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. 'मलाच तिथे कळलं' हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.  वहिनींना माझा नमस्कार सांग, आणि सांग की मीही त्यांना विचारायला हवं होतं.

शनिवारचा तास पुन्हा चालू कर. मी इथे केला आहे.

धोंडू

मु. पालीनजीक, ता. १२ जून १९३३

प्रिय धोंडू,

मैना फायनल पास झाली हे कळवलंच होतं. पाऊस धरण्याआधी घाट ओलांडायचा म्हणून गेल्या सोमवारी तिची रवानगी केली. भागूबाई सोबतीला होत्या. पाली नाक्यावर मोटारीत बसवून दिली आणि मी शाळेत गेलो. डोळ्यांत पाणी वगैरे काही नाही. गोदा जरा हळवी झाली, बायकांचं मन तसंच असतं.

आमच्याकडे हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका कमी झाल्यात. चालायचंच. शनिवारचा तास सुरू आहे.

घाईत आहे, माफ कर.

महिपत

मिरज, ता. ३० सप्टेंबर १९३३

ती. धोंडूकाकांस मैनेचा शि. सा. नमस्कार.

तुम्ही कधी भेटला नाहीत, पण आबांच्या बोलण्यात रोज असता. तुमची पत्रं आली की आबा ओटीवर फेऱ्या घालायचे, तेव्हाच मला कळायचं की काही तरी लिहिलं आहे.

आबांनी तुम्हाला काय कळवलं आहे ते आईनं शाळेतल्या एका मुलाकडून लिहवून मला कळवलं. ते खरं नाही म्हणून लिहिते.

आबा शाळेत गेले नाहीत. मला मोटारीत बसवलं, माझी ट्रंक टपावर नीट बांधली आहे का बघायला वर चढले, खाली उतरले आणि भागूबाईंना म्हणाले, "साखरप्यापर्यंत येतो, तिथून परतीची मोटार मिळते." साखरप्याला ती मोटार समोर उभी होती. आबांनी तिच्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "घाटात तुला मळमळलं तर? आंब्यापर्यंत येतो." आंब्याला चहा घेतला आणि मलकापूर. मलकापूरला गंगाराम म्हणाला, "गुर्जी, आता परतीची मोटार नाय, कोल्हापुरासच चला." आबांच्या अंगात शाळेचा कोट, खिशात खडू. शाळेची किल्लीही त्यांच्याकडेच होती; मुलं दिवसभर अंगणात बसून घरी गेली, असं नंतर कळलं. कोल्हापूरहून आगगाडीनं ते मिरजेपर्यंत आले.

इस्पितळाच्या फाटकात माझा धीर सुटला. समोर परीटघडीचे पांढरे कपडे घातलेल्या मुली भराभर चालत होत्या. मी म्हटलं, "आबा, मला नको. मी घरी येते." काका, मला वाटलं आबांना आनंद होईल. त्यांनी ट्रंक खाली ठेवली. मग म्हणाले, "यायचं असेल तर आत्ता चल, मी रागावणार नाही. पण तू येतेस ती भीतीनं की मन बदललं म्हणून, एवढं मला सांग." मी म्हटलं, "भीतीनं." तेव्हा त्यांनी ट्रंक उचलून फाटकाच्या आत ठेवली आणि पाठ करून उभे राहिले. त्यांचा कोट पाठीवर हलत होता.

पहिले दिवस वाईट गेले. फरशा पुसल्या, भांडी धुतली. पहिल्यांदा पू पाहिला तेव्हा भोवळ येऊन पडले. दुसऱ्या दिवशी तेच काम परत दिलं, त्या दिवशी उभी राहिले. कुणी मला बाटवायला आलं नाही, आईला सांगा. इंग्रजी नावं पाठ होत नाहीत म्हणून रडूही आलं. रात्री गोधडीत तोंड घालून झोपते; तिला अजून आपल्या घरच्या धुराचा वास आहे. हे सगळं मला आवडतं की नाही, ते अजून नीट सांगता येत नाही. पण सकाळी घंटा होण्याआधीच जाग येते आणि पाय आपोआप वॉर्डाकडे जातात.

आज मेट्रननी बोलावलं. पहिल्या तीन महिन्यांची परीक्षा मी पास झाले. मला कायम ठेवून घेतलं आहे.

आबांना मी अजून कळवलेलं नाही. कळवलं तर ते शाळा टाकून पुन्हा मोटारीत बसतील. म्हणून, काका, हे तुम्हीच त्यांना लिहा, आणि कृपा करून दिवाळीची सुटी लागल्यावर लिहा.

आपली,
मैना